गुलाबराव वकिलांचे मागचे दिवे

गुलाबराव वकिलांना कोणी "बरं आहे ना?" असं विचारलं, की ते थांबत, चष्म्याच्या वरून पाहत आणि म्हणत, "कोनाच्या मते?"

विचारणारा गडबडून जाई. तेवढंच त्यांना हवं असे. मग मिशीतल्या मिशीत हसत ते पुढे चालू लागत. उंच, काळेसावळे, धोतरावर काळा कोट, आणि पायांत अंजनगावच्या चांभाराने बांधलेल्या वहाणा. चालताना त्या इतक्या कुरकुरत की कोर्टात साक्षीदाराला घाम फुटायचा, लोक म्हणत, तो त्या आवाजानेच. अमरावतीच्या कोर्टात ते इंग्रजी बोलत, आणि ते चांगलं बोलत. पण घरी आले, किंवा कोणाची खोड काढायची असली, की त्यांची जीभ थेट अंजनगावच्या शेतात जाऊन बसे. शेतकऱ्याचं घर, काळी जमीन, पानमळा. तिथून शिकून वर आलेला हा माणूस आपली वऱ्हाडी बोली लपवत तर नसेच, उलट पुण्याहून आलेला पाहुणा समोर असला की ती दुप्पट वापरत असे.

मी त्यांच्या समोरच्या घरात राहत होते आणि मुलींच्या शाळेत शिकवत होते. त्यांच्या लेखी मी 'मास्तरीणबाई'. माझ्या आधी त्या गल्लीतल्या सगळ्यांची एकदा तरी उलटतपासणी होऊन गेलेली होती. दूधवाल्याची तर रोजच. एकदा तो बिचारा वैतागून म्हणाला, "पानी नाई टाकत साहेब, म्हशीची शपथ!"

"म्हैस हजर हाय काय?" गुलाबरावांनी विचारलं.

दूधवालाही वऱ्हाडातलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खरंच म्हैस दारात आणून उभी केली. गुलाबराव दात घासता घासता बाहेर आले, म्हशीसमोर उभे राहिले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "घाबरू नको. जे पाह्यलं थेच सांग." म्हशीने शेपटीचा फटका मारला. "घ्या," ते गल्लीकडे वळून म्हणाले, "साक्षीदार घरूनच पढवून आनला."

असा हा माणूस ऐन भरात असताना वकिली सोडून बसला. लोकांनी नाना कारणं लावली. खरं कारण मला सखूकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने सांगितलं. गुलाबरावांच्या ओसरीवर पहाटेपासून पक्षकार बसलेले असत. दर्यापूरचे, मूर्तिजापूरचे, कुठकुठले. दूरचे आले की जेवायला तिथेच. काकूंची हयात त्या पंगतींत गेली. एकदा बांधाच्या भांडणाचा कुठलासा दावा जिंकून गुलाबराव लवकर घरी आले, पाणी प्यायला म्हणून आत गेले, तर काकू दाराआड एकट्या भाकरी खात बसलेल्या. उन्हं कलली होती.

"तू रोज याच वक्ताले जेवते काय?"

"लगन झाल्यापासून," काकू म्हणाल्या.

 हा माणूस काही बोलला नाही याचंच काकूंना भय वाटलं. त्या पावसाळ्यात त्यांनी हातातली कामं उरकली आणि काळा कोट पेटीत टाकला. मग त्यांनी एक जुनी लॉरी विकत घेतली. ती आधी जिनिंग कारखान्याच्या कापसाच्या गाठी वाहायची. तिचा लोखंडी सांगाडा तेवढा ठेवून त्यावर सुताराकडून सागवानी घर बांधून घेतलं. आत दोन बाकं, कपाट, चुलीसाठी कोनाडा, वर पत्रा, मागे चढायला लोखंडी शिडी. "आता जिथं मी, तिथं तू," ते काकूंना म्हणाले. "अन् जिथं आपन दोघं, तिथं पक्षकार नाई. जेवू संगंच."

काकूंनी दोन अटी घातल्या. एक, पाटा-वरवंटा बरोबर येणार. दुसरी, मास्तरीणबाई बरोबर येणार. "या मानसासंगं मी एकली रानात जात नाई बाप्पा. थो बोलून बोलून मारून टाकीन."

अशी मी सुट्टी लागली की त्या मोटारीत बसू लागले. पाटा जागचा हलत नसे, पण गुलाबरावांनी ब्रेक दाबला की वरवंटा तोफेच्या गोळ्यासारखा पुढे सुटे. आम्ही पाय वर घ्यायला शिकलो. गुलाबराव मोटार स्वतः हाकत, आणि रस्त्याने भेटणाऱ्या प्रत्येक बैलाशी बोलत.

तोवर अशी मोटार कोणी पाहिलेली नव्हती. बार्शीटाकळीच्या अलीकडे एका गावात आम्ही शिरलो, तर बायका पोरांना काखोटीला मारून घरात पळाल्या आणि धडाधड दारं लागली. आम्हाला कळेना. शेवटी एका म्हाताऱ्याने खिडकीतून ओरडून सांगितलं, "आमच्या गावात समद्याईले देवी टोचून झाल्या! पुढच्या गावात जा!"

लस टोचणारी सरकारी मोटार समजले होते ते आम्हाला. दुसरा कोणी असता तर खुलासा करता. गुलाबराव खाली उतरले, कमरेवर हात ठेवले आणि गरजले, "आज टोचनं नाई! आज वांगे तपासनं हाय! ज्याच्या वाडीत वांगे असतीन त्यानं हजर करावे!" थोड्या वेळाने दारं किलकिली झाली, आणि त्या संध्याकाळी आमच्याकडे एवढी वांगी जमली की काकूंनी ती गावातच परत वाटली. दाम मात्र गुलाबरावांनी सगळ्यांना चुकते केले. वर एकेकाला "वांगं निर्दोष हाय" असा निकालही दिला.

आता त्या दिव्यांची गोष्ट.

दसऱ्याच्या आधी गुलाबरावांच्या मनात आलं की मोटारीला रंग द्यावा. रंगारी नको, स्वतःच देणार. हिरवा तेलरंग आणून त्यांनी लाकूड, पत्रा, शिडी, जे दिसेल ते रंगवलं. मोटार उभी होती तिथलं गवतही थोडं रंगलं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अकोल्याला निघालो. मूर्तिजापूर मागे पडलं, दिवस मावळला, आणि रस्त्यावरच्या एका ठाण्यासमोर शिपायाने कंदील हलवून मोटार थांबवली. मागून फौजदार आले. बळवंतराव त्यांचं नाव.

बळवंतरावांना पाहताच गुलाबरावांनी चष्मा सारखा केला. पूर्वी एका खटल्यात त्यांनी या बळवंतरावांना साक्षीच्या पिंजऱ्यात असं काही उभं-आडवं घेतलं होतं की कोर्टातला पंखा ओढणारासुद्धा हसला होता. ते दोघेही विसरले नव्हते.

"वकीलसाहेब," बळवंतराव अगदी गोड आवाजात म्हणाले, "मोटारीच्या मागे तीन दिवे आहेत. एक लाल, वर दोन पिवळे. ते लागलेले आहेत की नाहीत?"

"त्याचं असं हाय का, निघताना—"

"हो किंवा नाही, एवढंच सांगा."

हे वाक्य गुलाबरावांचंच होतं. मी काकूंकडे पाहिलं. त्या पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. गुलाबराव उतरून मागे गेले, पाहून आले आणि म्हणाले, "नाई."

ताकीद मिळाली. अकोल्याला गफूर मिस्त्रीच्या अंगणात आम्ही मुक्काम केला. मिस्त्रीने दिवे बदलले. तिन्ही झकास लागले. दोन दिवसांनी संध्याकाळी काकूंच्या बहिणीला भेटायला मूर्तिजापूरकडे निघालो, निघताना पुन्हा पाहिलं, दिवे लागलेले. ठाण्यासमोर आलो तर विझलेले. बळवंतराव रस्त्यावर वाटच पाहत होते. या वेळी त्यांनी आम्हाला ठाण्यातल्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, पुढच्या खेपेला मोटार जमा, आणि वकीलसाहेब कोर्टात. पिंजऱ्यात.

त्या बाकावर बसणं काकूंना फार लागलं. येणारा-जाणारा वाकून पाहत होता. परत अकोल्याला आल्यावर त्या मोटारीतून उतरल्या. मग म्हणाल्या, "ऐका. आता एक डाव का पोलिसानं आपली मोटार थांबवली, तं मी आगगाडीनं घरी जातो. अन् या डब्यात पुन्हा पाय ठेवनार नाई. सांगून ठेवतो."

गफूर मिस्त्रीने आता तारा बदलल्या, बॅटरीही बदलायची म्हणत होता. गुलाबरावांनी त्याचा हात धरला. "मिस्त्री, तुमी फिर्यादीलेच फाशी देऊन राह्यले. जो दिवा विझला थो फिर्यादी हाय. आरोपी दुसराच कोनी. अन् तिघं एकाच वक्ती विझतात, म्हनजे आरोपी एकच हाय."

घरी परतताना गुलाबरावांनी दुपारीच रस्त्याकडेच्या एका आमराईत मोटार उभी केली. ठाणं तिथून जवळच होतं. "आज उलटतपासनी," ते म्हणाले. काकूंनी नेहमीप्रमाणे आपली कपडे वाळत घालायची तार काढली. काथ्याची दोरी कुजते म्हणून त्या लोखंडी तार वापरत. तिचं एक टोक मागच्या शिडीला आणि दुसरं पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या दांडीला, असं मोटारीच्या डाव्या अंगाने त्या ती ताणून बांधत. मोटार थांबली की तार बांधायची, निघायच्या अगदी आधी सोडायची. मुक्कामात त्यांचा पहिला संसार हा.

मला मागे उभं केलं. दिवा लागला की "लागला" आणि गेला की "विझला" म्हणायचं, एवढंच माझं काम. गुलाबराव पुढे, मध्ये, खाली, प्रत्येक तार हलवून, ओढून, वाकवून पाहत होते, आणि प्रत्येकीला काहीतरी विचारत होते. मी "लागला, लागला" म्हणून थकले. एकही तार दोषी निघेना. उन्हं उतरली. गुलाबराव मोटारीखालून बाहेर आले ते तोंडाला ग्रीस लावूनच.

"समदे निर्दोष," ते हताश होऊन म्हणाले. "असं कधी झालं नवतं."

"मंग निघायचं ना?" काकू म्हणाल्या आणि कपडे काढून तार सोडू लागल्या.

"विझला!" मी ओरडले.

गुलाबराव जागच्या जागी थिजले. "कोन हाललं?"

"कोणीच नाही. काकूंनी तार सोडली फक्त."

"बांध," ते काकूंना म्हणाले.

"आता निघायचं म्हनता अन्—"

"सखू, बांध."

काकूंनी तार बांधली. "लागला!" सोडली. "विझला!" पुन्हा बांधली. लागला. गुलाबराव आमराईत एका पायावर नाचले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग त्यांनी आम्हाला समजावलं. वीज दिव्यात जाते, तशी तिला परत यायलाही वाट लागते. लोखंडाच्या मोटारीत ती लोखंडातूनच परत येते. पण आमचं घर लाकडाचं. म्हणून दिवे ज्या शिडीवर होते, त्या शिडीपासून खालच्या लोखंडी सांगाड्याला तांब्याची एक पट्टी जोडलेली होती. वीज त्या पट्टीवरून परत जायची. दसऱ्याला पट्टी सोडवून तिच्याखाली, वर, चहूकडून कोणीतरी हिरवा रंग चोपडला होता. रंगातून वीज जात नाही. मुक्कामात काकूंची तार शिडीपासून सांगाड्याला जोडलेल्या पुढच्या पत्र्यापर्यंत असायची आणि रोज बांधून-सोडून तिच्या टोकांखालचा रंग घासून गेला होता, म्हणून तेव्हा वीज त्या तारेवरून घरी जायची. तार सोडली की वाट बंद.

"म्हनजे माह्या तारेनं तुमची इज्जत राखली," काकू म्हणाल्या.

"अन् रंग कोनी देल्ला?" त्यांनी पुढे विचारलं.

गुलाबरावांनी आमराईभर पाहिलं. "आरोपी हजर हाय," ते म्हणाले.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. चाकूने पट्टी खरवडली असती, तर पान चघळून होईस्तोवर काम झालं असतं. पण गुलाबरावांच्या डोळ्यांत ती चमक आली. ती आली की गल्लीतले लोक दारं लावून घेत. चाकू त्यांनी खिशात टाकला. मोटार सुरू केली. तार तशीच. तारेवर त्यांची दोन धोतरं आणि काकूंचं जांभळं लुगडं, तेही तसंच.

"अवो, कपडे!" काकू ओरडल्या.

"वाळू दे."

दिवस मावळता मावळता आम्ही ठाण्यासमोरून गेलो. तिन्ही दिवे लखलखत होते, आणि डाव्या अंगाला लुगडं निशाणासारखं फडफडत होतं. बळवंतरावांनी हात वर केला. मोटार थांबली.

गुलाबराव उतरले. मुद्दाम सावकाश. "दिवे लागलेले हायत का नाई? हो का नाई, एवढंच सांगा."

"आहेत," बळवंतराव म्हणाले. "पण हे काय?"

"पुरावा," गुलाबराव म्हणाले, आणि त्यांनी तार सोडून दाखवली, बांधून दाखवली. दिवे विझले, लागले. शिपाई जवळ आले. चार वाटसरू थांबले. गुलाबराव रंगात आले. "आता मले कायद्याचं कलम दाखवा. चालत्या मोटारीवर धोतर वाळवू नये असं कुठं लिव्हलं हाय?"

लोक हसू लागले. बळवंतरावांचे कान लाल झाले. आणि मला मागे काहीतरी हलल्याची जाणीव झाली. काकू शिडीवरून उतरत होत्या. हातात गाठोडं. त्या सरळ ठाण्याच्या बाकावर जाऊन बसल्या, ज्या बाकाची त्यांना एवढी शरम वाटली होती त्याच. आपलं लुगडं चार माणसांत फडफडलं, त्यापुढे बाक काहीच नव्हतं.

"फौजदारसाहेब," त्या म्हणाल्या, "अमरावतीची गाडी किती वाजता हाय?"

बळवंतराव हुशार माणूस. त्यांनी जवळ जाऊन आदराने विचारलं, "काकू, तुमची साक्ष काय आहे?"

"यायले आमराईतच समजलं होतं," काकू म्हणाल्या. आवाज अगदी शांत. "पट्टी खरवडली असती तं झालं असतं. चाकू यायच्या खिशात हाय. मुद्दाम नाई खरवडली. तुमाले खिजवाले. अन् मी सांगितलं होतं, पोलिसानं थांबवलं का मी उतरतो. ते बी यायले ठाऊक होतं."

बळवंतराव गुलाबरावांकडे वळले. "वकीलसाहेब, उलटतपासणी?"

आयुष्यभर हा माणूस म्हशीलासुद्धा उलट प्रश्न विचारत आला होता. मी त्यांच्याकडे पाहत होते. चेहऱ्यावरचा सगळा खट्याळपणा कोणीतरी ओल्या फडक्याने पुसून घेतल्यासारखा गेला होता. ज्या बाईबरोबर एका वेळी जेवता यावं म्हणून त्यांनी हे सगळं मांडलं होतं, ती बाई गाठोडं मांडीवर घेऊन परक्यासारखी बसली होती.

"उलटतपासनी नाई," ते म्हणाले. "साक्षीदार खरा हाय."

मग कोणी न सांगता ते मोटारीच्या मागे गेले, गुडघ्यांवर बसले आणि चाकूने पट्टी खरवडू लागले. लोक पांगले. बळवंतरावांनी कोणालाही बोलू दिलं नाही. अंधार पडू लागला होता आणि त्यांना नीट दिसत नव्हतं. चाकू एकदा बोटाला लागला. ते बोट तोंडात घालून पुन्हा चाचपू लागले.

"थो नट नाई," बाकावरून आवाज आला. "खालचा."

ते खालचा नट शोधू लागले. तोही सापडेना. काकू थोडा वेळ बसून राहिल्या. मग उठल्या, ठाण्याच्या दारातला कंदील उचलला आणि जाऊन त्यांच्या डोक्यावर धरला.  नट सुटला, खालून तांबं चमकलं, नट पुन्हा आवळला. काकूंनी दुसऱ्या हाताने तार सोडली. दिवे विझले नाहीत. लाल उजेड दोघांच्याही तोंडावर पडला होता, आणि गुलाबरावांच्या मिशीला हिरवा रंग लागला होता.

"चढते ना?" त्यांनी विचारलं. इतक्या हळू, की मी ऐकू नये असंच त्यांना वाटत असावं.

"आधी माह्यं लुगडं द्या," काकू म्हणाल्या. आणि लुगड्याची घडी घालून, काखेत धरून, त्या शिडी चढल्या.

बळवंतरावांनी शिपायाला चहा ठेवायला सांगितलं होतं. तो चहा आम्ही मोटारीतच प्यायलो, चौघांनी मिळून. जाताना त्यांनी गुलाबरावांना एवढंच म्हटलं, "साहेब, माझ्या खटल्यात काकू तुमच्या बाजूला असत्या, तर मी त्याच दिवशी नोकरी सोडली असती."

पुढे माझी बदली अकोल्याला झाली. लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेनासं झालं, आणि गुलाबरावांनी मोटार अंजनगावच्या आपल्या शेतात नेऊन उभी केली. दोघं तिथेच राहू लागली. एका सुट्टीत मी त्यांना भेटायला गेले. बैलगाडी बांधाशी सोडून ज्वारीतून चालत निघाले, तर लांबूनच भोंग्याचा आवाज आला.

मी ज्वारीआड थांबून पाहिलं. मोटारीची चाकं मातीत अर्धी रुतलेली. त्यांवर वेल चढलेला. चालकाच्या जागेवर सखूकाकू ताठ बसल्या होत्या, पदर कमरेला खोचून, दोन्ही हातांनी चाक धरून. शेजारी गुलाबराव. ते आता बरेच वाळले होते, गळ्याभोवती मफलर होता, पण हात मात्र हवेत चालूच.

"डाव्या अंगानं घे. डाव्या! समोरून बैलबंडी येऊन राह्यली."

काकूंनी चाक डावीकडे वळवलं.

"आता घाट लागला. हळू. खाली दरी हाय, पाहू नको."

"मी काहून पाहू? तुमी बी नका पाहू. तुमाले चक्कर येते."

"बैल! बैल आला मधात!"

काकूंनी भोंग्याचा रबरी गोळा दाबला. ज्वारीवरचे कावळे उडाले.

"गेला," गुलाबराव म्हणाले, आणि मफलर सारखा करून मागे टेकले. "आता सरळ रस्ता हाय. चालू दे."

मी हाक मारणार होते, पण काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ज्वारीतच उभी राहिले. त्या समोर बघत होत्या, डोळे बारीक करून, लांबवर रस्ता दिसत असल्यासारख्या, आणि मोटार भरधाव चालली होती.